दादा, एक लाइफ दे ना!

परवा दिवाळीला घरी जाताना मी दादासाठी शर्ट नेला नाही. यंदा काहीतरी हटके न्यायचं ठरवलं होतं. ऑनलाइन 1,800 रुपयांचा एक बॉक्स मागवला. दोन रिमोट, एक प्लॅस्टिकची बंदूक आणि वर सोनेरी अक्षरांत 'बालपणीचे 620 खेळ!' ठाण्याहून कसारा घाट चढेपर्यंत तो मी मांडीवरच धरला होता. घोटीच्या घरात त्याचं कसं स्वागत होईल, याची पूर्ण स्क्रिप्ट डोक्यात तयार होती.

स्क्रिप्टचा पार पोपट झाला, हे आधीच सांगून टाकते.

पण त्याआधी थोडा फ्लॅशबॅक. साल 2006. घोटीचा पाऊस काय चीज आहे, ते ज्यांनी पाहिलंय त्यांनाच कळेल. आवणीच्या दिवसांत घरातली मोठी माणसं शेतावर आणि आम्ही दोघं टीव्हीसमोर. काळा-लाल व्हिडिओ गेम आणि त्यात '99,99,999 इन 1' असं छापलेली पिवळी कॅसेट. चालली नाही की फुंकर मारायची. जवळपास एक कोटी गेम! प्रत्यक्षात मोजून दहा-बारा असायचे. बाकी तेच गेम वेगळ्या नावाने, नाहीतर दुसऱ्या स्टेजपासून सुरू होणारे. आम्हाला हे माहीत होतं. तरी एका सुट्टीत दादा यादीत खाली खाली जात राहिला, चुकून एखादा नवा निघेल म्हणून!

आमचा जीव मात्र एकाच गेममध्ये, 'काँट्रा'. आठ स्टेज, प्रत्येकाला तीन लाइफ. वर-वर-खाली-खालीवाला तो जगप्रसिद्ध कोड दाबला की तीस लाइफ मिळतात, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. (काझुहिसा हाशिमोतो या जपानी प्रोग्रामरने 1986 मध्ये 'ग्रेडियस' तपासताना तो गेम स्वतःलाच झेपेना, म्हणून हा कोड टाकला होता. 2020 मध्ये ते गेले, तेव्हा मला अख्खी कहाणी कळली.) त्यामुळे तीन म्हणजे तीन. मी पहिल्या जंगलातच दोन घालवायचे. तिसऱ्या, धबधब्याच्या स्टेजला तर पुढचा भराभर वर चढला की स्क्रीनही वर सरकते आणि मागचा खाली राहून मरतो. दादा प्रत्येक कपारीवर थांबायचा. ''ये गं लवकर!''

आणि या गेमची खरी गंमत माहितीय? तुमच्या लाइफ संपल्या आणि जोडीदाराकडे शिल्लक असल्या, तर ए बटण दाबून त्याची एक उचलता येते. त्याची परवानगी लागत नाही. मी बिनधास्त उचलायचे. दादा ओरडायचा, पण रिमोट हिसकावून घेतला नाही कधी. मग पाचव्या, बर्फाच्या स्टेजला हमखास लाइट जायची. भारनियमन! गेम सेव्ह करायची सोय नव्हतीच. पुन्हा पहिल्यापासून.

आता वर्तमानात या. हॉलमध्ये दादाने हप्त्यांवर घेतलेला 43 इंची एलईडी. बॉक्स जोडला. 620 गेमची यादी पाहिली आणि चाळिसाव्या नंबरनंतर मारिओ चौथ्यांदा भेटला. म्हणजे परंपरा कायम! बंदुकीने बदकं मारायला गेलो, तर एकही पडेना. ती बंदूक जुन्या, मागे पोट असलेल्या टीव्हीसाठी बनली होती. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो आणि बंदूक तो उजेड टिपते. आजच्या सपाट टीव्हीवर चित्र किंचित उशिरा उमटतं, सगळं गणित तिथेच हुकतं. तरी कंपनीने बंदूक दिलीय, बॉक्सवर फोटो बरा दिसतो म्हणून!

काँट्रा लावला, तर सगळं भलत्याच घाईत पळतंय. आपला जुना टीव्ही पाल पद्धतीचा, सेकंदाला 50 चित्रांचा. अमेरिका-जपानात 60. त्यामुळे आपल्याकडे हे गेम साधारण सहाव्या हिश्श्याने हळू चालायचे. 2018 च्या डिसेंबरात सोनीने 'प्लेस्टेशन क्लासिक' आणला, तेव्हा त्यातल्या वीसपैकी नऊ गेम, अगदी 'टेकन 3'सुद्धा, या हळू पद्धतीचे निघाले आणि जगभरच्या फॅन्सनी कल्ला केला. माझी तक्रार नेमकी उलटी. हा वेग बरोबर होता, पण आमचा नव्हता.

हेही चालवून घेतलं असतं. खरा घोळ वरच्या कोपऱ्यात होता. प्रत्येकाला 99 लाइफ! यादीत काँट्रा पाच वेळा आणि पाचही वेळा 99. आम्ही मरत होतो, उठत होतो, पुढे जात होतो. धबधब्यावर दादा थांबला नाही आणि मी ओरडलेही नाही. कशाला ओरडायचं?

''किती उरल्या तुझ्या?'' दादाने विचारलं.

''एक्क्याऐंशी.''

''मग बरंय,'' तो म्हणाला, ''आता तुला माझी गरज नाही.''

तो हसत म्हणाला, पण मला लागलं. कारण मास कॉमच्या दुसऱ्या वर्षाची माझी फी दादाने भरली होती. बाइकसाठी साठवलेले पैसे होते ते. मी मागितले, त्याने दिले, घरी कळू दिलं नाही. तो आजही राइस मिलवर जुन्याच स्कूटरने जातो. आणि मी? फ्रीलान्स करते, पेमेंट अडकतात, त्यामुळे 'पुढच्या महिन्यात नक्की' म्हणता म्हणता सहा वर्षं झाली. फोनवर आमचं बोलणं 'जेवलीस का' आणि 'पाऊस आहे का' एवढ्यावर आलंय. तो विषय टाळायलाच मी शर्टाऐवजी हा बॉक्स आणला होता, हे मला तेव्हा तिथे बसल्यावर कळलं.

''दादा, ते फीचे पैसे...''

''स्टेज चुकेल. समोर बघ.''

मग त्यानेच गेम थांबवला. आत जाऊन खाऱ्या शेंगदाण्यांची वाटी आणली. तीन दाणे माझ्यापुढे, तीन स्वतःपुढे. ''मेलं की एक खायचा. संपले की रिमोट खाली.'' पुन्हा पहिल्या जंगलापासून सुरुवात केली.

दुसऱ्या स्टेजपर्यंत माझे तिन्ही खाऊन झाले होते. मी रिमोट खाली ठेवला. पलीकडून, टीव्हीवरची नजर न काढता, दादाने एक शेंगदाणा माझ्याकडे सरकवला.

बॉक्सला दहापैकी दोन मार्क. तो घोटीलाच ठेवून आलेय. फीचा पहिला हप्ता मात्र मी ठाण्याला पोचायच्या आत पाठवला.