निळा बॅज

परवा कपाट आवरताना एक जुनी डीव्हीडी सापडली. वर मार्करने फक्त चार आकडे, माझ्याच अक्षरात: ६८०१. बायको म्हणाली, "हे काय, लॉकरचा नंबर?" म्हटलं, जवळपास तसंच.

नोव्हेंबर २००८. मी हिंजवडीत एका क्लाएंटच्या ऑफिसात कॉन्ट्रॅक्टवर होतो आणि वाकडला आम्ही तिघं मित्र फ्लॅट घेऊन राहायचो. ऑक्टोबरच्या शेवटी लॉस एंजेलिसला मायक्रोसॉफ्टची पीडीसी झाली होती, म्हणजे डेव्हलपर मंडळींची जत्राच. तिथे विंडोज ७ पहिल्यांदा नीट दाखवली, आणि सगळ्यात भाव खाऊन गेला तो नवा टास्कबार. मोठमोठे आयकॉन, शेजारची नावं गायब, माउस नेला की खिडक्यांची छोटी छोटी चित्रं. व्हिस्टाने पोळलेले आम्ही, बघूनच खूश!

पण गंमत अशी, की आलेल्या लोकांना जी बिल्ड वाटली ती ६८०१, आणि तिच्यात हा टास्कबार नव्हताच. मंचावर चालली होती ती पुढची, ६९३३. मग काही दिवसांतच राफाएल रिव्हेरा नावाच्या प्रोग्रामरने शोधून काढलं की टास्कबार आहे, तिथेच आहे. फक्त दाराला कुलूप आहे.

तुमच्यापैकी जे कोड लिहितात त्यांना यात नवल वाटणार नाही. शेकडो लोक एकाच कोडवर काम करत असताना अर्धवट फीचर वेगळं काढून ठेवलं, तर नंतर जोडताना जीव जातो. त्यापेक्षा कोड आतच ठेवायचा आणि दारावर एक प्रश्न टांगायचा. उत्तर 'हो' आलं तर नवं दाखव, 'नाही' आलं तर जुनं. मशीनच्या पातळीवर असा प्रश्न शेवटी एका उडीवर येतो. इंटेलच्या प्रोसेसरवर ७४ हा बाइट म्हणजे 'समान असेल तर उडी मार', आणि ७५ म्हणजे 'समान नसेल तर मार'. (दोन्ही हेक्समध्ये, भांडू नका.) एका आकड्याचा फरक! लाँगहॉर्नच्या वेळीही हेच झालं होतं. मे २००४ च्या ४०७४ बिल्डमध्ये काचेसारख्या आरपार खिडक्या आत होत्या, पण बंद. लोकांनी रजिस्ट्री उचकून त्या चालू केल्या. त्याच ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टने ते काम गुंडाळून जवळपास नव्याने सुरुवात केली आणि व्हिस्टा दुकानात यायला जानेवारी २००७ उजाडलं, ते वेगळं रामायण. असो.

तर ६८०१ चं कुलूप विचारत काय होतं? एक, हे मशीन मायक्रोसॉफ्टच्या आतल्या डोमेनवर आहे का. ठीक, घरची गोष्ट घरात. पण दुसरी अट वाचून मी दोनदा वाचली. युजरनेमची सुरुवात 'ए-' किंवा 'व्ही-' अशी असेल तर दार उघडायचं नाही. तिथे ही अक्षरं लागतात ती तात्पुरत्या आणि बाहेरच्या कंपन्यांकडून आलेल्या माणसांच्या नावाला. म्हणजे रेडमंडला बसून, त्यांच्याच मशीनवर रोज काम करणारा माणूससुद्धा पक्क्या नोकरीचा नसेल तर त्याला जुनाच टास्कबार दिसणार. रिव्हेराने आपल्या टूलला नाव दिलं 'ब्लू बॅज'. तिथल्या कायम नोकरदारांच्या बॅजचा रंग निळा असतो.

माझ्या गळ्यातला बॅज केशरी होता. लॉगिनच्या पुढे एक अक्षर आणि एक रेघ. त्या कार्डाने चौथ्या मजल्याचं दार उघडायचं नाही. सहा महिने खपून लिहिलेल्या रिपोर्टिंग मॉड्यूलचा डेमो चौथ्या मजल्यावरच झाला. मी तिसऱ्या मजल्यावर फोन हातात घेऊन बसलो होतो, काही अडलं तर म्हणून. काही अडलं नाही.

ब्रॉडबँड रात्री दोन ते सकाळी आठ फुकट होतं. त्यात ६८०१ उतरवायला चार रात्री गेल्या. ती फुटलेली प्रत होती, माझ्याकडे कसलाही हक्क नव्हता, हे तेव्हाही माहीत होतं. वेगळ्या पार्टिशनवर टाकली, टूल चालवलं, पुन्हा लॉगिन केलं. आणि खाली तो जाडजूड टास्कबार! मंचावरच्याइतका सफाईदार नव्हता, पण होता. रूममेट डोळे चोळत आला, बघितलं आणि म्हणाला, "एवढ्यासाठी चार रात्री?" त्याला काय सांगणार.

आज मी त्याच धंद्यात पलीकडच्या बाजूला आहे. कुलपं आता जास्त नीटनेटकी झालीत. विंडोज ११ मध्ये दडलेल्या फीचर्सना चक्क आयडी नंबर असतात आणि हौशी लोक व्हाइव्हटूल वापरून ती उघडतात. आमच्याकडेही फ्लॅग असतात.

गेल्या महिन्यात टीममधली एक कॉन्ट्रॅक्टवरची मुलगी माझ्या टेबलाशी आली. नव्या डॅशबोर्डचं चार्टचं सगळं काम तिचंच. म्हणाली, "सर, एक सांगू? रागावू नका. टेस्ट सर्व्हरवर मला माझाच डॅशबोर्ड दिसत नव्हता, म्हणून मी फ्लॅग उलटा करून बघितला." आवाजात अर्धी भीती, अर्धी ऐट. मला तो आवाज ओळखीचा वाटला. मग तिने हळूच विचारलं, "ईमेल व्हेंडरच्या डोमेनचा असेल तर बंद, अशी अट आहे. ही कोणी टाकली?"

विचारायची गरज नव्हती. गिटमध्ये त्या ओळीसमोर माझं नाव आहे, तारखेसकट. तिने ते बघितलं असणारच.

अट उगाच टाकली नव्हती. त्याआधी एकदा आमचा स्क्रीनशॉट बाहेर गेला होता, आणि वरून मेल आला होता की बाहेरच्यांना काही दिसता कामा नये. मी पाच मिनिटांत ती ओळ लिहिली आणि चहाला गेलो. बाहेरचं कोण, हे विचारलंच नाही.

शुक्रवारी ती ओळ काढून रिव्ह्यूला टाकली. रिव्ह्यू करणाऱ्याने एवढंच विचारलंय, "का?" खालचा चौकोन अजून रिकामा आहे. सोमवारी सकाळी काहीतरी लिहावं लागेल. डीव्हीडी टेबलावर ठेवली आहे.