दुसऱ्या ओळीचा पंचम

‘अमेझिंग ग्रेस’च्या दुसऱ्या ओळीअखेर चाल मध्य पंचमावर जाऊन थांबते. साऱ्या चालीत याहून उंच सूर नाही. आणि तो पडतो कुठे, तर गाणारा स्वतःला पतित म्हणवतो तिथे! पतिताने इतक्या उंचावर किती वेळ आणि कुठल्या तोंडाने उभं राहायचं? चर्चमध्ये पेटी धरली तेव्हापासून हा प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही.

शब्द आणि सुरांची ही गाठ जॉन न्यूटनने मारलेली नाही. ओल्नी गावात १ जानेवारी १७७३ च्या प्रवचनासाठी त्याने गीत लिहिलं, १७७९ मध्ये ते चालीविना छापलं गेलं. ‘न्यू ब्रिटन’ ही चाल त्याला विल्यम वॉकरने अमेरिकेत १८३५ मध्ये जोडली. १७४८ च्या वादळातून न्यूटन वाचला आणि पालटला, असं व्यासपीठावरून सांगतात. पण त्यानंतरही तो गुलामांच्या जहाजांवर होता, कप्तान झाला. १७५४ मध्ये समुद्र सुटला तो आजारपणामुळे. त्या व्यापाराविरुद्धची त्याची पुस्तिका आली थेट १७८८ मध्ये. एवढं ठाऊक असताना हा पंचम विजयाचा म्हणून माझ्याच्याने वाजवला जात नसे.

सूर पाचच, म्हणून आमच्यातले पुष्कळजण याला भूप समजून सजवतात. भूपाचा जीव गंधार-धैवतात. इथे धैवत मंद्र पंचमाच्या आसपास फक्त भेटून जातो. भूपाच्या जागा घेतल्या की चाल गोड होते आणि कबुली बुडते. कीबोर्डवाले तर तयार ठेका लावून शेवटच्या कडव्याला पट्टी चढवतात. दहा हजार वर्षांचं ते कडवं न्यूटनचं नाहीच. १८५२ च्या ‘अंकल टॉम्स केबिन’मध्ये ते या गीताला जोडलेलं दिसतं. त्याचं स्वतःचं शेवटचं कडवं पृथ्वी बर्फासारखी विरघळण्याचं. ते आमच्याकडे कुणी गात नाही, याचं मला दुःख होतं.

ॲरेथा फ्रँकलिनने १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या चर्चमध्ये हे गीत दहा मिनिटांहून अधिक वेळ गायलं. ठेका नाही, एकेक अक्षर ओढत, वळवत ती जाते आणि मंडळी हुंकार देत राहते. ज्यांच्या पूर्वजांना तसल्या जहाजांतून नेलं त्यांच्या गळ्यात हे गीत कसं रुजलं असेल, हे ऐकताना दर वेळी अंगावर काटा येतो. पण ती मींड पेटीत आणू कुठून? मग मी भाता भरून पंचम लांबवत असे. पुढच्या बाकांवरची माणसं वळून बघत आणि मला ते फार आवडे. कबुली न्यूटनची, पण सूर माझा म्हणून ओळखला जावा, ही हाव होती.

आता खांदा भाता ओढू देत नाही. पेटी माझी विद्यार्थिनी वाजवते. पंचमावर ती हवा कमी करते. सूर मात्रा पुरी होण्याआधीच बारीक होतो आणि ती तिसरी ओळ उचलते. “धरून ठेव,” मी म्हटलं. “सर, मंडळींचा श्वास तिथे संपतो,” ती म्हणाली. तिचं बरोबर असेल. तरी त्या जागी माझा हात अजून पेटीकडे जातो.