राख आधी, चिंच नंतर

जहाजावरच्या आरओ प्लँटचं पाणी वाढलं म्हणून मी एकदा खूश झालो होतो. नवा फोर्थ इंजिनियर होतो. तासाला जेमतेम ४०० लिटर यायचं, ते दाब न वाढवताच ४५० झालं. लॉगबुकात आकडा लिहिताना वाटलं, आपल्या देखभालीचं हे फळ. आमचे फिटर दापोलीकडचे. सगळे त्यांना मामा म्हणत. त्यांनी आकडा पाहिला आणि म्हणाले, "साहेब, आपोआप वाढलेल्या पाण्याची मला धास्ती वाटते. खारटपणा बघितलात?"

बघितला. ३०० पीपीएमचा ६०० वर गेला होता.

समुद्राच्या एका लिटरात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. ५५-६० बारच्या दाबाने ते पाणी मेंब्रेनवर रेटलं की गोडं पाणी पलीकडे जातं, मीठ अलीकडे राहतं. १९५९ मध्ये लॉस एंजेलिसला सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरीराजन यांनी कामाला येईल असं मेंब्रेन बनवलं, ते सेल्युलोज अ‍ॅसिटेटचं. त्याला थोडं क्लोरीन चालायचं. आजच्या पॉलिअमाइडला ते अजिबात सोसत नाही. प्लँट बंद करताना तो गोड्या पाण्याने फ्लश करतात. मी ज्या टाकीतून फ्लश करत होतो, तिच्यात बंदरावर भरलेलं क्लोरीनचं पाणी होतं आणि वाटेतला कार्बन फिल्टर कधीचाच संपला होता. तो बदलायचं काम माझ्या यादीत पडून होतं. स्वच्छतेच्या नावाखाली मी मेंब्रेन विरवत होतो. विरलेल्या फडक्यातून पाणी जास्तच झिरपतं.

असं मेंब्रेन कशानेही धुऊन सुधारत नाही. सगळी बदलावी लागली. पण जुनी बाहेर ओढताना मामांनी मला मळ ओळखायला शिकवलं. पाणी आधी शिरतं त्या पहिल्या मेंब्रेनच्या तोंडावर तपकिरी, बुळबुळीत थर होता, खाडीच्या चिखलासारखा वास मारणारा. शेवटच्याच्या टोकाला नख लावलं तर पांढरी कणी निघाली. पाणी पुढे सरकताना दाट होत जातं, म्हणून क्षार शेवटी बसतात. जिवाणूंची बुळबुळ आधी धरते.

"तुमची आई तेलकट कढई चिंचेने घासायची का?" मामांनी विचारलं. नाही. कढईला राख, तांब्याच्या हंड्याला चिंच. इथेही तोच हिशेब: बुळबुळीला अल्कली, क्षारांना आम्ल. दोन्ही असतील तर राख आधी. उलट केलं तर आम्लाने बुळबुळ आणखी घट्ट बसते.

तेव्हापासून मी तसंच करतो. आरओचंच पाणी घ्यायचं, कोमट, फार तर ३५ अंश. त्यात कॉस्टिक घालून पीएच ११ च्या पुढे न्यायचा, पण १२ ओलांडायचा नाही. दाब ३-४ बारच ठेवायचा. जोर लावून मळ काढायचा मोह होतो, पण दाबाने तो उलट आत रुततो. सुरुवातीला परत येणारं पाणी काळ्या चहासारखं असतं. ते ओतून द्यायचं. अर्धा तास फिरवायचं, पंप बंद करून भिजू द्यायचं, पुन्हा फिरवायचं. मग धुऊन सायट्रिक अ‍ॅसिड, पीएच ३ च्या आसपास. पीएच वर चढत असेल तर समजायचं, क्षार विरघळताहेत. तो स्थिरावला की काम झालं.

सगळ्यात कठीण म्हणजे कधी धुवायचं ते ठरवणं. समुद्र थंड झाला तर अंशामागे सुमारे ३ टक्के पाणी घटतं. तो मळ नव्हे. तापमानाचा हिशेब करूनही १०-१५ टक्के घट दिसली, तरच केमिकल काढायचं. प्लँट फार दिवस बंद राहणार असेल तर १ टक्का सोडियम मेटाबायसल्फाइटच्या द्रावणात ठेवायचा. आम्ही त्याला पिकलिंग म्हणतो; लोणचंच ते.

मामा केव्हाच निवृत्त झाले. कार्बन फिल्टर बदलल्याची तारीख मी आता त्याच्या कवचावरच मार्करने लिहितो. आणि प्लँट सुरू केला की किती लिटर आलं हे नंतर पाहतो, आधी खारटपणा.