आंबटाने राखलेला रंग

पुरट्टासी संपून ऐप्पसी लागला, की तमिळ प्रदेशातील अनेक घरांत महिनाभर बाजूला ठेवलेली मटणाची भांडी पुन्हा चुलीवर येतात. महाराष्ट्रात श्रावणाचे जे स्थान, तेच येथे पुरट्टासीचे. तंजावरच्या एका मराठा घरातही हाच नेम पाळला जातो. ऐप्पसीच्या पहिल्या संततधार पावसात त्या घरातील आजी मटणाचे दाट सार करतात. त्यात गाजर, शेवग्याच्या शेंगा, लहान कांदे आणि बीट असते. घरात त्याला नुसते 'तांबडे सार' म्हणतात. एका वर्षी चेन्नईहून आलेली नात वही घेऊन त्यांच्याजवळ बसली. आजींचे वय पाहता ही कृती आता लिहून ठेवली पाहिजे, असे तिला वाटले होते.

कृतीत अवघड असे काही नाही. आहे तो केवळ क्रम. अर्धा किलो मटण, त्यात नळ्या आणि बरगड्या अधिक. हळद, आले, मीठ आणि भरपूर पाणी. वर येणारा फेस पळीने काढून टाकायचा आणि भांडे मंद आचेवर ठेवायचे. "आजी, किती वेळ?" या प्रश्नाला "हाड सुटेपर्यंत" एवढेच उत्तर मिळाले. नातीने वहीत दोन तास लिहिले. कोल्हापूरकडे याच पहिल्या अर्काला अळणी म्हणतात आणि तो वाटीतून तसाच पितात. तंजावरात तो पुढील साराचा पाया होतो. त्यात कांदे, गाजरे आणि शेंगा पडतात. शेवटी मिरे, जिरे व धणे यांची भरड आणि कढीलिंबाची फोडणी.

बीट मात्र या भांड्यात आरंभी जात नाही. ते सालीसकट, अखंड, वेगळे उकडले जाते. गाजरे मऊ झाल्यावर चिंचेचा कोळ साराला लावतात आणि त्यानंतरच सोललेल्या बिटाच्या फोडी सोडतात. नातीने घाईने कोळाची वाटी उचलली, तेव्हा आजी म्हणाल्या, "थांब बाळा, आंबट आधी पडले तर भाजी शिजत नाही, उशिरा पडले तर रंग राहत नाही." रसायनशास्त्र या अनुभवाला दुजोरा देते. आम्लामुळे भाजीच्या पेशींना बांधून ठेवणारे द्रव्य सहज सुटत नाही. बिटाचे लाल रंगद्रव्य दीर्घ उष्णतेने मोडते व तपकिरी पडते. सौम्य आंबटात ते अधिक टिकते.

या भांड्यातील एकही जिन्नस तसा निरागस नाही. बीट आणि गाजर निलगिरीच्या डोंगरातून येतात. तेथे युरोपीय भाज्यांची लागवड एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी रुजविली, आणि बाजारात त्यांना अद्यापि 'इंग्लिश' भाज्या म्हणतात. चिंच तमिळ स्वयंपाकाची. मटण हाडासकट दीर्घकाळ शिजविण्याची रीत मराठी. एकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास तंजावर घेतले आणि १८५५ मध्ये ते राज्य संपले. या अवधीत या नगराने अन्नाविषयी पुष्कळ लिहिले. रघुनाथ नवहस्तांचा 'भोजनकुतूहल' हा सतराव्या शतकातील संस्कृत ग्रंथ या परंपरेशी निगडित आहे. दुसऱ्या सरफोजींच्या (कारकीर्द १७९८–१८३२) मुदपाकखान्याची स्मृती 'शरभेंद्र पाकशास्त्र' या मराठी ग्रंथात राहिली आहे. सांबाराचा जन्म संभाजीराजांच्या तंजावरभेटीत झाला, अशी आख्यायिकाही येथे आवडीने सांगितली जाते. कोकम संपले म्हणून चिंच घातली, असा तिचा गाभा. तिला समकालीन पुरावा पुढे आलेला नाही. तथापि, आपल्या आंबटाची जागा दुसऱ्याच्या आंबटाने घेतली, ही तिच्यातील जाणीव खरी आहे.

बीट आणि मांस यांचे सार हे वस्तुतः पूर्व युरोपाचे अन्न. तिकडे त्याला बोर्श्च म्हणतात. युक्रेनमधील बोर्श्च शिजविण्याची संस्कृती २०२२ मध्ये, युद्ध चालू असताना, युनेस्कोने तातडीने जपावयाच्या वारशांच्या यादीत नोंदविली. या शब्दाचा इतिहास मननीय आहे. बोर्श्च हे मूळ एका रानवनस्पतीचे नाव; तिच्या आंबविलेल्या पानादेठांचे सार तेच नाव धारण करी. पुढे ती वनस्पती भांड्यातून गेली, बीट आले, नाव मात्र राहिले. आंबटपणाही राहिला.

तंजावरी मराठीकडे पाहताना हा दाखला उपयोगी पडतो. साडेतीन शतके ती तमिळच्या शेजारी नांदली. तिच्यात तमिळ शब्द आले, वाक्याची ठेवण बदलली. महाराष्ट्रातून गेलेला अभ्यासक ही बोली ऐकतो, तेव्हा तिला 'भ्रष्ट' म्हणण्याचा मोह त्याला होतो. तिच्यातील परके तेवढे काढून टाकले तर मूळ मराठी हाती येईल, अशी त्याची समजूत असते. ती समजूत स्वयंपाकघरात टिकत नाही. चिंच काढून घेतलेल्या सारात बीट आपला मूळ रंग दाखवीत नाही. ते केवळ तपकिरी होते. रोजच्या बाजारात, शेजारात, नोकरीत उपयोगी पडणारे तमिळ शब्द ज्या बोलीने नाकारले असते, ती बोली घरातही फार दिवस बोलली गेली नसती. बाहेरून आलेल्या आंबटानेच तिचा रंग राखला.

परंतु हे समाधान पूर्ण नाही, कारण आंबटालाही वेळ असते. नातीच्या वहीवरून हे ध्यानात येते. तिचे शिक्षण तमिळ आणि इंग्रजीत झाले. मोडी तिला येत नाही, देवनागरी जेमतेम. म्हणून तिने मराठी वाक्ये तमिळ अक्षरांत लिहिली. त्या लिपीत प, फ, ब आणि भ यांना मिळून एकच अक्षर आहे. तिने लिहिलेली 'भाजी' कोणी 'पाजी' वाचील, कोणी 'बाजी'. 'बीट' सहज 'पीट' होईल. ज्याच्या कानांत हे शब्द आहेत, त्यालाच ती वही कळेल. इतरांना क्रम कळेल, वाणी कळणार नाही.

सायंकाळी पाऊस थांबला नव्हता. भाताबरोबर सार वाढले गेले. जेवण झाल्यावर आजींनी नातीला वही मोठ्याने वाचावयास सांगितली. 'पाजी' येताच त्यांनी थांबविले, 'भाजी' म्हणून दाखविले आणि पुन्हा वाचावयास लावले. त्या रात्री शेवटच्या ओळीपर्यंत हेच चालले. वहीत एकही अक्षर बदलले गेले नाही.