हाजीअलीपर्यंतचा प्रवास

मागच्या पंधरवड्यात आम्ही तिघे कार्यकर्ते शेजारच्या आक्कांना आणि त्यांच्या मुलाला घेऊन मुंबईत हाजीअलीला गेलो होतो. अपंगांच्या उपचाराची व पुनर्वसनाची केंद्र सरकारची १९५५ सालची संस्था तेथे आहे. मुलगा बावीस वर्षांचा, चाकाच्या खुर्चीवर बसणारा.

घरून स्टेशनपर्यंत शहर बस घेतली. बस नवी. खुर्ची चढवायची फळी होती, कंडक्टरने ती लावूनही दिली. आम्हांला बरे वाटले. पण आत खुर्ची बांधायचे पट्टेच नव्हते, जमिनीला नुसत्या कड्या. "धरून बसा की," तो म्हणाला. गर्दीत खुर्ची आडवी ठेवावी लागली. पहिल्याच वळणावर ब्रेक लागला आणि मुलासकट खुर्ची खांबावर आदळली. कपाळाला खोक पडली. खुर्चीचा ब्रेक फक्त चाके अडवतो. खुर्ची चारही बाजूंनी जमिनीला बांधावी लागते आणि माणसाला वेगळा पट्टा लागतो, हे आम्ही नंतर शिकलो.

लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यात जागा मिळाली, पण फलाटाच्या फटीवरून खुर्ची उचलूनच न्यावी लागली. महालक्ष्मीला उतरून केशवराव खाड्ये मार्गाने, रेसकोर्सच्या कडेने ढकलत निघालो. समुद्राचा वारा लागला तेव्हा पोरगा प्रथमच हसला. म्हणाला, "काका, परत जाताना ती बस नको." रोज रिक्षा-टॅक्सी कोणाच्या खिशाला परवडणार?

आक्का म्हणाल्या, "जाऊ द्या भाऊ, तक्रार केली तर गरिबाची नोकरी जाईल." आम्ही म्हणालो, "आक्का, तक्रार कंडक्टरवर नाही. पट्ट्यांशिवाय बस रस्त्यावर काढली कोणी, त्याच्यावर आहे."

दुसऱ्या दिवशी अर्ज लिहिला. बसचा मार्ग आणि वेळ तिकिटावर मिळाली, म्हणून तिकीट फेकू नये. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील २०१९ च्या दुरुस्तीने बसमध्ये चाकाची खुर्ची चढविण्याची व अडकवून ठेवण्याची सोय सांगितली आहे. ती १ मार्च २०२० पासून लागू आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २३ प्रमाणे प्रत्येक शासकीय आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमायचा असतो. नोंदलेल्या तक्रारीची चौकशी दोन आठवड्यांत करायची असते; समाधान झाले नाही तर जिल्हा समितीकडे जाता येते.

हा अधिकारी कोण, ते त्या कार्यालयात तीन टेबलांना ठाऊक नव्हते. (आम्हीही कारकूनच, टेबलांची ही भाषा आम्हांला कळते.) चौथ्या टेबलाने अर्ज नोंदवून शिक्क्याची पोच दिली. आक्कांनी ती केसपेपरच्या पिशवीत जपून ठेवली आहे. आज अकरावा दिवस.