हिंजवडीचा धूर कुठून निघतो?

कामानिमित्त पुण्याला गेलात तर सवड काढून हिंजवडी पाहून या. मुळशी तालुक्यातले हे गाव. येथे म्हातोबाची यात्रा भरते, बगाड निघते. याच शिवारात औद्योगिक विकास महामंडळाने जमिनी घेऊन राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान पार्क वसवला. इन्फोसिस, विप्रो अशा कंपन्यांच्या काचेच्या इमारती आता तेथे उभ्या आहेत.

धुराडे मात्र एकही दिसणार नाही. मग कार्बन येतो कुठून? एक तर विजेतून, कारण आपली बरीचशी वीज अजून कोळशावर होते. आणि दुसरे, माणसांच्या ये-जा करण्यातून. सकाळी कामाच्या वेळी वाकडच्या पुलाजवळ उभे राहून पाहा. गाड्या गोगलगायीसारख्या सरकतात, इंजिने मात्र चालूच. एक लिटर डिझेल जळाले की सुमारे पावणेतीन किलो कार्बन वायू हवेत जातो. डिझेल किलोभरही नसते. बाकीचे वजन हवेतल्या प्राणवायूचे.

कंपनी छपरावर सौरपट्ट्या बसवील, पण गावचा रस्ता रुंद करणे तिच्या हाती नाही. ते ठरते राजकारणात. आतले रस्ते महामंडळाचे, गावातले ग्रामपंचायतीचे, मेट्रो महानगर विकास प्राधिकरणाची. हिंजवडी, माण, मारुंजी ही गावे महापालिकेत घ्यावीत की नाही, हा वाद वर्षानुवर्षे चालला. माण ते शिवाजीनगर या सुमारे २३ किलोमीटरच्या मेट्रोचे भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झाले. २०२४ संपले तरी तिच्यातून प्रवासी गेला नव्हता. जुलै २०२५ मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार भल्या सकाळी पाहणीला आले आणि कंपन्या बंगळूर-हैदराबादला चालल्याची खंत त्यांनी बोलून दाखवली. निर्णय लांबला, तेवढे दिवस डिझेल जळत राहिले.

रस्त्याला जमीन देणाऱ्याचा विरोधही समजून घेतला पाहिजे. एकदा जमीन गेलेल्या घराला दुसऱ्यांदा मोजणी आली की पोटात गोळा येतो. म्हणूनच रस्ता, ओढा आणि बस यांचा आराखडा आधी हवा, इमारती नंतर.

तुमच्या गावाजवळ उद्या औद्योगिक वसाहत आली, तर ग्रामसभेत भावाबरोबर आणखी तीन गोष्टी विचारा: रस्ता किती रुंद होणार, ओढे मोकळे राहणार का, आणि कामगार कशाने येणार? उत्तरे तोंडी घेऊ नका, ठरावात लिहून घ्या.