वंशवृक्षातले कोरे घर

पुण्यात कुलवृत्तांतांची हौस जुनी. आजीच्या माहेरचा हस्तलिखित वंशवृक्ष तिच्या आजोबांपासून सुरू होतो. त्यांच्या वरचे घर कोरे आहे. विचारले की आजी आवाज खाली आणून एवढेच म्हणे, "ते फुल्यांकडचे." आता तिच्या माहेरची मंडळी हा वृक्ष छापायला निघाली आहेत आणि त्या कोऱ्या घरात एखादे बरेसे गाव-गोत्र भरावे, असा त्यांचा आग्रह आहे. म्हणून मी शोधाला लागलो.

जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ साली आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसलेल्या विधवेने तेथे गुपचूप बाळंत व्हावे. मूल न्यायचे की ठेवायचे, ते तिने ठरवावे. १८८४ साली बेहरामजी मलबारींच्या टिपणांवर अभिप्राय देताना जोतीरावांनी त्या घराचा हिशेब मांडला आहे : ३५ गर्भवती विधवा आल्या, त्यांच्या मुलांपैकी ५ जिवंत. गर्भ लपवण्यासाठी आयांनी घेतलेल्या विषारी औषधांनी बाकीची दगावली. आजीचे आजोबा त्या पाचांतले असतील का?

इंग्लंडमध्ये १८३४च्या कायद्यानंतरच्या वर्कहाउसांत, म्हणजे 'ऑलिव्हर ट्विस्ट'मुळे आपल्याला ठाऊक असलेल्या त्या गरीबखान्यांत, आत येणाऱ्याची नोंद होई. आज तिथले वंशज त्या वह्यांतून आपली पणजी शोधून काढतात. मला त्यांचा हेवा वाटला. मग उमगले, की ज्या दारी नाव विचारले जाते त्या दारी आमच्या घरची ती विधवा आलीच नसती. नाव फुटणे म्हणजे तिला विहीर तरी जवळ करावी लागे, नाहीतर बालहत्या. काशीबाईंचे नाव इतिहासात राहिले, कारण त्यांचा मुलगा यशवंत फुले दांपत्याने दत्तक घेतला, वाढवला, डॉक्टर केला. इतरांच्या बाबतीत गुप्तता हाच त्या घराचा शब्द होता. तो शब्द पणतवंडांनी मोडावा काय?

गंज पेठेतल्या फुले वाड्यात परवा जाऊन आलो. नोंदवही मागण्याचे मनात होते, मागितली नाही.

नातलगांना कळवले आहे : घर कोरेच छापा. खोटे गोत्र लिहिले तर त्या बाईला आपण दुसऱ्यांदा घराबाहेर काढू.